किल्ली पालघरला गेली आहे

शाळेच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात हजेरीपत्रके होती, शिक्के होते, पोषण आहाराच्या नोंदवह्या होत्या आणि स्टीलच्या एका चपट्या डबीत माझ्या भाचीचे औषध होते. कपाटाला कुलूप होते. किल्ली कारकुनाकडे होती आणि कारकून पगारबिलांच्या कामाने पालघरला गेला होता.

भाची नऊ वर्षांची, बोईसरच्या एका शाळेत चौथीत. शेंगदाणा तिला चालत नाही हे ती स्वतः सगळ्यांना सांगते. त्या दिवशी मैत्रिणीच्या डब्यातली हिरवी चटणी तिने बोटाने चाखली. चटणीला दाटपणा यावा म्हणून त्या घरी मूठभर दाण्याचे कूट घालतात, हे दोन्ही मुलींना ठाऊक नव्हते. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, मग आवाज बसला आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. बाई घाबरल्या. मुख्याध्यापक फोन लावत राहिले. कुलूप फोडले ते शिपाई मावशींनी, कुणाला न विचारता, अंगणातला दगड उचलून. डबी बाहेर आली, पण सुई टोचायला त्या सगळ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाचाही हात पुढे झाला नाही. मुलीची आई, माझी ताई, रिक्षाने पोचली आणि आल्या पावली तिने मुलीच्या मांडीत इंजेक्शन दिले.

मुलगी वाचली. पण ते कपाट माझ्या डोक्यातून जात नाही. औषध घरात होते, शाळेत होते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होते. फक्त मुलीजवळ नव्हते. आणि ते तिच्यापासून दूर ठेवण्याचे काम कोणा दुष्टाने केले नव्हते. ते आपण सगळ्यांनी मिळून, शिस्तीच्या, लाजेच्या आणि हेटाळणीच्या नावाने केले होते.

हे औषध म्हणजे अॅड्रेनालिन. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ते शुद्ध रूपात मिळवले. ॲलर्जीतल्या शरीराच्या ज्या भयंकर उलटण्यावर ते चालते, त्या अॅनाफिलॅक्सिसला नाव दिले फ्रान्सच्या शार्ल रिशे यांनी १९०२ साली, समुद्रातल्या जीवांच्या विषाचे प्रयोग करताना. पुढे १९१३ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे रोग आणि औषध दोन्हींची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे. एक मिलिलिटरची काचेची कुपी सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि तिची किंमत एका घराच्या एका वेळच्या भाजीहून अधिक नाही. महागडे आणि नवे काही इथे लागतच नाही. परदेशात मुलांच्या दप्तरात पेनासारखे स्वयंचलित इंजेक्शन असते. आपल्या दुकानांत ते सहज मिळत नाही, ज्यांना परवडते ते बाहेरून मागवतात. बाकीच्यांसाठी हीच कुपी, हीच सिरिंज.

वेळ किती मिळतो? डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधल्या अॅनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मधला काळ त्यांनी मोजला: इंजेक्शनातून गेलेल्या औषधामुळे असेल तर ५ मिनिटे, माशीच्या डंखामुळे १५, अन्नामुळे ३०. आता हे आकडे आपल्या रस्त्यांवर ठेवून बघा. बोईसरहून पालघर बारा-तेरा किलोमीटर. संध्याकाळी कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की टँकर आणि बसगाड्यांच्या रांगेत तेवढ्याला अर्धा तास जातो. सातपाटीची होडी समुद्रात असते तेव्हा किनाराच तासांच्या अंतरावर असतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांचे तर बोलायलाच नको. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून आपला पालघर जिल्हा वेगळा झाला, कोळगावला मुख्यालय उभे राहिले, तरी अवघड रुग्णाला आजही वलसाड, सिल्वासा, ठाणे किंवा मुंबईचा रस्ता दाखवला जातो. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, तिच्यात डॉक्टरही असतो, आणि तिला फोन करायलाच हवा. पण गाडी येईपर्यंतची मिनिटे कुणाची? ती ज्याच्या हाताशी औषध आहे त्याची.

आणि या मिनिटांत आपण काय करतो? दोघांच्या मध्ये रुग्णाला ताठ धरून बसवतो आणि बाइक पळवतो. आपल्याकडे हेच चालत आले आहे, यात प्रेमही आहे आणि धावपळही. पण अॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्तदाब कोसळलेला असतो. अशा माणसाला आडवे झोपवून पाय उंच ठेवायचे असतात. एकदम उठवून बसवले, चालायला लावले, तर हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि माणूस तिथेच जाऊ शकतो. दम फारच लागला असेल तर पाय लांब करून टेकवून बसवावे; शुद्ध गेली तर कुशीवर. हे मी शिकलो ते त्या घटनेनंतर. त्याआधी ताईने मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, ‘एवढं काय घेऊन बसलीस? एक सेट्रिझीन दे, उतरेल.’ हे मी बोललो आहे. म्हणून खाली ज्यांच्यावर बोट ठेवतो आहे, त्यांच्या रांगेत मी उभा आहे.

अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे, हे आपल्या किनाऱ्यावर पोराटोरालाही माहीत असते. नुसती खाज असेल तर त्यात वाईट काहीच नाही. पण घसा आवळतो आहे, उलट्या होत आहेत, मूल निळे-पांढरे पडते आहे, आणि घरातली वडीलधारी माणसे वाटीत आमसूल कुस्करत बसली आहेत, हे दृश्य मी दोन घरांत पाहिले आहे. त्याहून मोठा दोष मी शिकलेल्यांना देईन. गल्लीतल्या दवाखान्यात असे मूल नेले की बहुतेक ठिकाणी ठरलेले दोन शब्द ऐकू येतात: अॅव्हिल, डेक्झा. अॅव्हिल खाज कमी करते. बंद होत चाललेला घसा ती उघडत नाही, कोसळलेला रक्तदाब वर आणत नाही. डेक्झाला काम करायला तास लागतात. पहिले औषध अॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, कपड्यावरूनही चालते. हे जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शनात लिहिलेले आहे. तरी डॉक्टर कचरतात, ‘हार्टवर जाईल’ म्हणून. नीट मोजलेली मात्रा स्नायूत देण्याने होणाऱ्या थरथरीची, धडधडीची भीती वाटते आणि न देण्याने जाणाऱ्या जिवाची वाटत नाही, हे कसले वैद्यक? ताईने पहिल्यांदा कुपी शोधली तेव्हा चार दुकाने पालथी घातली. तिघांनी सांगितले, ‘ठेवत नाही, खपत नाही.’ ज्या तारापूर औद्योगिक वसाहतीत देशाला लागणाऱ्या औषधांचा कच्चा माल तयार होतो, तिच्या दारात एका आईला ही कुपी शोधत फिरावे लागले.

त्या वसाहतीतल्या माणसांचेही बोलले पाहिजे. पावडरच्या धुळीने अंगावर उठणारे, दमा लागणारे कामगार तिथे आहेत. पेनिसिलिनसारख्या औषधांच्या धुळीने शरीर बिथरते हे वैद्यकाला जुने ठाऊक आहे. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला पोरगा पत्र्याच्या खोलीत पाच जणांबरोबर राहतो आणि अंगावर उठलेले बाहीखाली झाकतो, कारण ठेकेदाराला कळले तर उद्या बोलावणार नाही. अशाच एका कामगाराने मला सांगितले की गेटवर झडतीत त्याची सिरिंज काढून घेतली, नशेची असेल म्हणून. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत होती, पहारेकऱ्याला वाचता आली नाही. कारखाने कायदा १९४८ सालचा. दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची पेटी हवी, ५०० च्या वर कामगार असले तर उपचाराची खोली हवी, असे त्याच्या ४५ व्या कलमात होते. पेटी भिंतीवर असते. पण माणसाने स्वतःच्या जिवाचे औषध खिशात आणले तर तो संशयित ठरतो.

आणि बायका. इथे मला सर्वांत जास्त राग येतो. मुलीला ॲलर्जी आहे हे आपण स्थळ येईपर्यंत लपवतो, स्थळ आल्यावर जास्त लपवतो. मग ती किनाऱ्यावरच्या एखाद्या घरात नांदायला जाते. तिथे रोज कोळंबी सोलली जाते, जवळा वाळतो, सुकटीची चटणी होते. कोळंबीने जिचे ओठ सुजतात अशी सून ‘माहेरी लाडावलेली’ ठरते. ‘चार दिवस खा, सवय होईल,’ असे सांगून तिला वाढणाऱ्या सासूबाई मी पाहिल्या आहेत आणि पानावर मान खाली घालून बसलेला नवराही पाहिला आहे. अशाच एका मुलीने आपली डबी उशीच्या अभ्र्यात दडवली होती. औषध कुठे आहे हे घरात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हते. ती बेशुद्ध पडली असती तर? जीव वाचवणारी वस्तू चोरीच्या दागिन्यासारखी लपवावी लागते, अशा घराला मी सोज्वळ कुटुंब म्हणणार नाही.

आमच्या घरी हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला, लग्नाला ताई विचारायची, ‘यात दाणे आहेत का?’ तर बायका एकमेकींकडे बघायच्या. कुणी म्हणायचे, देवाचा प्रसाद कधी बाधतो का? साबुदाण्याच्या खिचडीपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत आपल्या स्वयंपाकात कूट आहे. ते आपले वैभवच आहे. कुणी ते सोडा म्हणत नाही. फक्त विचारणाऱ्या आईला खरे उत्तर द्या. बंद पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडे, मासे, कवचाचे जलचर, सोयाबीन यांचा उल्लेख करणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या मोठ्या खाद्यगृहांनाही तो नियम लागू होतो. लग्नाचा आचारी आणि स्टेशनबाहेरची वडापावची गाडी त्यात येत नाही. तिथे कायदा पोचत नाही, तिथे शेजारधर्म पोचायला हवा होता.

कुणी म्हणेल, आमच्या आदिवासी, मागास जिल्ह्यात हे सगळे कसे जमणार? हे बोलणाऱ्यांना मी डहाणूला नेईन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परळच्या संस्थेने डहाणू तालुक्यात सर्पदंशावर काम केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना शिकवले, आशाताईंना शिकवले, गावोगावच्या भगतांना शत्रू न मानता बरोबर घेतले. सापाच्या विषावरचे औषध घोड्याच्या रक्तातून बनते आणि त्याचीच तीव्र ॲलर्जी काही रुग्णांना येते. म्हणून ते सुरू करताना अॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून बाजूला तयार ठेवायचे असते. रायगडमधल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने मरणारी माणसे प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने वाचवून दाखवली आणि १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मधून जगाला सांगितले. तेव्हा ते काही मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बसलेले नव्हते. कोकणात आणि डहाणूत स्वस्त औषध वेळेवर दिले तर काय होते, याचा दाखला आपल्या घराच्या इतक्या जवळ आहे.

याहून जवळचा दाखला अंगणवाडीत आहे. लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेच्या पेटीत अॅनाफिलॅक्सिसचे किट असते. बाळाला लसीची तीव्र प्रतिक्रिया आली तर वयाप्रमाणे ठरवलेली अॅड्रेनालिनची एक मात्रा मांडीत द्यायची परवानगी तिला आहे, तसे प्रशिक्षण आहे. मग त्याच अंगणवाडीपासून शंभर पावलांवरच्या शाळेत, त्याच मुलाला, पाच वर्षांनी तेच औषध मिळण्यात अडचण कसली? अमेरिकेने २०१३ साली शाळांत हे औषध ठेवायला उत्तेजन देणारा कायदा केला. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जादाची इंजेक्शने विकत घेऊन ठेवू शकतात. आपल्या शाळा मात्र आईने आणून दिलेले औषधही कुलपात घालतात. तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. इतक्या जोखमीची गोष्ट शिस्तीने, पाळीपाळीने, नोंदी ठेवून सांभाळणारी माणसे आमच्याच शेजारी राहतात, त्यांची मुले आमच्याच मुलांबरोबर खेळतात. एक काचेची कुपी सांभाळणे आम्हाला झेपत नाही, हे मी मानणार नाही.

सांभाळायची कशी, हे तर आमच्या किनाऱ्याला वेगळे शिकवायलाच नको. सातपाटीचे पापलेट, जे सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमासा झाले, ते होडीतून बंदरात येईपर्यंत बर्फाच्या थरात कसे ठेवायचे हे कोळ्याचा दहा वर्षांचा पोर सांगेल. मासा उन्हात राहिला तर नासतो. अॅड्रेनालिनही उन्हाने आणि उजेडाने नासते. फरक इतकाच की ते बर्फावर ठेवायचे नाही, गोठवायचे नाही; खोलीच्या सावलीत, त्याच्या मूळ खोक्यात, अंधारात ठेवायचे. बाइकची डिकी, गाडीचा पुढचा कप्पा, गॅसच्या शेजारचे फडताळ, पत्र्याच्या खोलीतला वरचा माळा, या त्याच्या जागा नाहीत. ज्यांच्या घराचे पत्रे मे महिन्यात तापतात त्यांनी मडक्यात मडके ठेवून मध्ये ओली वाळू घालावी आणि आतल्या मडक्यात बंद डबीत औषध ठेवावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे मडके फारसे गार होत नाही, पण तेव्हा उन्हाचा तडाखाही नसतो. कुपीतले औषध पाण्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे. गुलाबी किंवा तपकिरी झाक आली, गढूळ झाले, की ते गेले.

ताईच्या डबीत दोन कुप्या असतात, दोन सिरिंज, कुपीची मान मोडताना बोट कापू नये म्हणून गॉजचा तुकडा आणि मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला कागद. एका कुपीत एक मिलिग्रॅम असते आणि मुलाला ती अख्खी कधीच द्यायची नसते. दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम, तेही मुलांना ०.३ च्या वर नाही आणि मोठ्यांना ०.५ च्या वर नाही. म्हणून डॉक्टरांनी सिरिंजवर नेमकी रेघ आखून दिली आहे आणि भाचीचे वजन वाढले की ती रेघ पुन्हा आखतात. ऐन वेळी हात थरथरतात, हे खरे. थायलंडमधल्या डॉक्टरांनी २०१० साली आधीच भरून ठेवलेल्या सिरिंजचा अभ्यास केला आणि त्यांतले औषध तीन महिने टिकते असे त्यांना आढळले. आपल्या डॉक्टरांनी भरून द्यायची आणि बदलून द्यायची तयारी दाखवली, तर ज्यांना कुपी फोडणे जमत नाही त्यांची मोठी सोय होईल. कुपीवरची मुदत ताई कालनिर्णयच्या त्या महिन्याच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवते. दुसरी डबी तिच्या पर्समध्ये. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा, आणि उतार पडला तरी रुग्णालय, कारण काही तासांनी हल्ला परत येऊ शकतो.

हे सगळे एका बाईने एकटीने उभे केले. सासरचे हसत असताना, भाऊ समजूत काढत असताना, दुकानदार परत पाठवत असताना. आईने मुलाचा जीव पर्समध्ये घेऊन फिरायचे आणि बाकी गावाने तिच्या पर्सकडे बघून तोंड वेडावायचे, ही आपली रीत झाली आहे. ती आई तापाने पडली, बाळंत झाली, गावी गेली, तर त्या मुलाचे रक्षण कुणी करायचे? शिक्षकांनी म्हणायचे ते आमच्या कामात येत नाही, नातेवाइकांनी म्हणायचे आम्हाला सुईची भीती वाटते, डॉक्टरांनी म्हणायचे घरी देऊ नका, मग जबाबदारीला उरले कोण?

घटनेनंतर शाळेत बैठक झाली. मुख्याध्यापक सज्जन आहेत. त्यांनी माफी मागितली आणि डबी दप्तरात ठेवू दिली. वर्गात भिंतीवर कागद लागला. इंजेक्शन शिकायला कोण तयार आहे असे ताईने विचारले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. दाराशी शिपाई मावशी उभ्या होत्या, विक्रमगडकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, ‘ताई, मला दाव. कुलूप फोडून बी हात रिकामाच राहिला होता माझा.’

ताईने सरावासाठी मोसंबे आणले होते. मावशींनी साडीच्या पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा सिरिंज हातात घेतली.